राखेच्या बुधवारी पहिल्यांदाच चर्चला चाललात? नागपूरवाल्यांसाठी सगळं एका जागी

फेब्रुवारी लागला की विचारणं सुरू होते. "काका, कपाळाला राख लावतात ना त्या दिवशी, मी ख्रिश्चन नाही पण येऊ शकते का?" नाहीतर "भाऊ, लग्नानंतरचं पहिलंच लेंट आहे, घरचे म्हणतात उपास धर, साबुदाणा चालते का?" बदली होऊन आलेले असतात, होस्टेलवरची पोट्टी असतात, बाप्तिस्मा घ्यायची तयारी करून राहिलेले असतात, आणि काही असे पण असतात जे जन्माने कॅथलिक आहेत पण लहानपणानंतर चर्चची पायरीच चढले नाहीत अन आता लाजत लाजत विचारतात. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. मी पाळक नाही, फादर नाही, साधा चर्चला जाणारा माणूस आहे, दारापाशी उभा राहून लोकांना जागा दाखवायचं काम करतो, त्यामुळे नवीन माणूस कुठे अडते ते बरोबर दिसते.

थोडक्यात, राखेचा बुधवार म्हणजे लेंटचा पहिला दिवस आणि लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, प्रायश्चित्त, प्रार्थना, उपास, दानधर्म याचे. मराठीत उपवासकाळ म्हणतात, पण नागपुरात चर्चमधे हिंदीचा जोर जास्त त्यामुळे "चालीसा" नि "राख बुधवार" असंच अनाउन्समेंटमधे ऐकू येईल, गोंधळू नका.

आधी तारीख बघा

दरवर्षी तारीख बदलते. ईस्टर कसा काढतात तर २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्या नंतरचा रविवार (पौर्णिमा चर्चच्या हिशोबाची, पंचांगाशी एखाद दिवस इकडेतिकडे होऊ शकते). त्या रविवारच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. आता म्हणाल चाळीस कुठे नि सेहेचाळीस कुठे, तर मधले सहा रविवार धरत नाहीत, रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस त्यामुळे तो उपासात मोजत नाही. २०२६ मधे १८ फेब्रुवारीला होता, २०२७ मधे १० फेब्रुवारीला आहे, २०२८ मधे १ मार्चला. २०२९ ला पुन्हा १४ फेब्रुवारीला येते, म्हणजे व्हॅलेंटाइन डेच्याच दिवशी, २०२४ ला झालं होतं तसंच. तेव्हा डिनरचा प्लॅन असेल तर मंगळवारीच उरकून घ्या, असा फुकटचा सल्ला.

हे सगळं चंद्रावर असल्यामुळे राखेचा बुधवार नेहमी अमावस्येच्या आगेमागे पडते. म्हणून काही वर्षी महाशिवरात्रीच्या आठवडाभरातच येते, एकीकडे पचमढीच्या यात्रेवाल्यांच्या गाड्या निघून राहिल्या असतात अन इकडे आमची राख. २०२५ नि २०२६ ला तर रमजान पण दोन-चार दिवसांच्या फरकाने सोबतच लागला, म्हणजे अख्खं शहरच उपाशी. मोमिनपुऱ्यावरून संध्याकाळी जाऊ नका एवढंच सांगतो, तिथला वास आला की भलेभले ढिले पडतात.

आणि हो, सुट्टी नसते. गुड फ्रायडेला असते, राखेच्या बुधवारी नाही. कॅथलिकांसाठी या दिवशी मिस्सेला (म्हणजे फादर घेतात ती चर्चमधली मुख्य उपासना) जाणं बंधनकारक पण नाही, रविवारसारखं. तरी चर्च खचाखच भरते, मला वाटते वर्षातल्या साध्या वारी एवढी गर्दी दुसऱ्या कोणत्याच दिवशी होत नसेल.

कोणतं चर्च

इथे नवीन माणूस सगळ्यात जास्त घोळ करते. नागपुरात दोन कॅथेड्रल, म्हणजे बिशपची मुख्य चर्च, आहेत आणि दोन्ही सदरच्याच बाजूला. एक सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, मोहननगरला, कामठी रोडच्या बाजूने, हे कॅथलिकांचं, इथे आर्चबिशप बसतात. नागपूर डायोसिस (म्हणजे बिशपच्या हाताखालचा धर्मप्रांत) १८८७ ची, १९५३ ला आर्चडायोसिस झाली. दुसरं ऑल सेंट्स कॅथेड्रल, इंडियन कॉफी हाउससमोर, हे सीएनआयचं म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन सीएनआय बनली ती नागपुरातच, याच ऑल सेंट्समधे. तेव्हा ऑटोवाल्याला नुसतं "सदरचं मोठं चर्च" म्हणाल तर तो त्याच्या मनाला येईल तिथे सोडून देईल. नाव सांगा, नाहीतर लोकेशन दाखवा. मेट्रोने येत असाल तर कस्तुरचंद पार्क किंवा गड्डीगोदाम चौक, तुमच्या बाजूने जे सोयीचं पडेल ते.

पण कॅथेड्रललाच जायला पाहिजे असं कुठे आहे? घराजवळचं पॅरिश, म्हणजे तुमच्या भागातलं चर्च, असेल तर तिथेच जा, गर्दी कमी, पार्किंगची कटकट कमी, आणि दुसऱ्यांदा गेलात तर कोणीतरी ओळखेल पण.

आता कोण कसं पाळते ते बघा, कारण सगळे सारखं करत नाहीत. कॅथलिक चर्चमधे राख लावतातच. सीएनआयमधे राखेच्या बुधवारची उपासना होते, पण राख लावणं प्रत्येक मंडळीत असेलच असं नाही, त्यांच्याकडे लेंटमधे घरोघरी संध्याकाळच्या प्रार्थना असतात त्याला जास्त महत्त्व, आणि मराठी गायन ऐकायचं असेल तर तिकडेच जावं, ढोलकी-पेटीवर जे काही रंगते ना. पेंटेकोस्टल नि तसल्या बऱ्याच मंडळ्या लेंट असं पाळतच नाहीत, उपासप्रार्थना करतात पण त्यांच्या हिशोबाने. आणि तुमचा मलयाळी मित्र सिरो-मलबार कॅथलिक असेल तर त्याचं लेंट सोमवारीच सुरू झालं असते, त्यांची राख दोन दिवस आधी लागते, अन ते पन्नास दिवसांचा उपास धरतात, जुन्या रीतीने करणारे तर मांस, मासे, अंडी, दूध सगळंच सोडतात. चंद्रपूर-बल्लारपूरकडे त्यांची स्वतःची डायोसिस आहे. तेव्हा त्याच्या कपाळावर बुधवारी राख दिसली नाही म्हणून त्याला बोलू नका.

पुढचं जे सांगतो ते मुख्यतः कॅथलिक पद्धतीचं, कारण बहुतेक प्रश्न त्याचेच येतात.

वेळ: कामाचा दिवस असल्यामुळे बहुतेक ठिकाणी पहाटे-सकाळी एक मिस्सा नि संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एक असते. नक्की वेळ नि भाषा आदल्या रविवारी अनाउन्स करतात, नोटीस बोर्डावर लागते, पॅरिशच्या व्हॉट्सअप ग्रुपवर फिरते. मराठी मिस्सा पाहिजे असेल तर आधी विचारून घ्या, नागपुरात इंग्रजी नि हिंदीच जास्त. नेटवर जुन्या वर्षाचं टाइमटेबल सापडते अन लोक त्यावर भरवसा ठेवून येतात, ते करू नका.

आदल्या रविवारी: झावळ्या परत द्या

घरात मागच्या वर्षीची झावळी असेल तर ती या रविवारी घेऊन जायची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या वाटतात, आपल्याकडे शिंदीच्या नाहीतर नारळाच्या, लोक त्याचा छोटा क्रूस वळून येशूच्या फोटोमागे नाहीतर दाराच्या चौकटीवर खोचून ठेवतात. वर्षभरात ती पिवळी पडून कडकडीत होते. आशीर्वादाची असल्यामुळे कचऱ्यात टाकायची नसते. चर्चच्या दारात एक टोपली ठेवतात त्यात टाकायची, मग मंगळवारी नाहीतर रविवारीच मिस्सा झाल्यावर कंपाउंडमधे घमेल्यात जाळतात.

हे जाळणं बघायला भेटलं तर जरूर थांबा. शिंदीचं पान भडकन पेटते, ज्वाळ उंच जाते अन दोन मिनिटांत सगळं खाली बसते, एवढ्या मोठ्या टोपलीची मूठ-दोन मूठ राख होते फक्त. मग ती गार झाल्यावर अर्धवट जळालेल्या काड्या वेचून काढतात, चाळणीने चाळतात, अगदी काजळासारखी बारीक काळी होईपर्यंत. खरखरीत राहिली तर कपाळाला चिकटतच नाही. त्यात काही ठिकाणी दोन थेंब तेल घालतात. घरी कोणी राख बनवायच्या भानगडीत पडू नका आणि पाणी टाकून तर मुळीच नाही, राखेत पाणी मिसळलं की ती क्षारासारखी होते, चामडी चुरचुरते, लहान लेकरांच्या कपाळाला तर लालेलाल चट्टा येऊ शकते.

नवीन असाल तर झावळी नसेलच, मग काही बिघडत नाही, नुसतं बघा.

खायचं काय, नाही खायचं काय

इथे जास्त वेळ घेतो, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज.

आपल्या आजूबाजूला उपास म्हटला की डोक्यात काय येते? साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, भगर, बटाट्याचा कीस. धान्य बंद, मीठ सैंधव. कॅथलिक उपासात असं काहीच नाही. भात चालते, पोळी चालते, वरण चालते, कांदा-लसूण चालते, साधं मीठ चालते. प्रश्न काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं याचा आहे. नियम असा: दिवसात एकदाच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं काहीतरी, आणि ती दोन थोडकी मिळून एका पूर्ण जेवणाएवढी व्हायला नको. मधे मधे चरणं बंद. म्हणजे सकाळी चहा नि एक पोळी, दुपारी एखादी वाटी पोहे, रात्री नीट जेवण, असं बसवता येते. पोहे म्हणजे साधे बरं, तर्री नि वरून शेव मारून दोन प्लेट हाणले तर तो उपास कसला.

याच न्यायाने, खिचडी चालते का? चालते. पण तुपातली भरगच्च साबुदाणा खिचडी, सोबत दही, मग ताक, मग लाडू, असं केलं तर नियमात बसणार नाही, मग त्यात धान्याचा एक कण नसला तरी. दुसऱ्या बाजूला, दोन घास पिठलं-भाकर खाऊन उठलात तर तुमचा उपास झाला. हे समजलं की अर्धं काम झालं.

दुसरा नियम वेगळा आहे, तो मांसाचा. राखेच्या बुधवारी नि गुड फ्रायडेला मटण, चिकन, बीफ, पोर्क काहीच नाही. मासे चालतात, अंडी चालतात, दूध-दही चालते. चालतात म्हणून पापलेट फ्राय मागवून मेजवानी करायची का ते तुमचं तुम्ही ठरवा, मला स्वतःला ते पटत नाही. सावजीला त्या दिवशी पाटोडी रस्सा घेतला तर नियमात बसते एकदम, पण ती तर्री पिऊन कोणाला प्रायश्चित्त वाटेल काय माहीत. घरी करायचं तर वांग्याचं भरीत नि भाकर, कढी-गोळे, मुगाची खिचडी, असं साधं काहीतरी करा. लेंटच्या बाकी शुक्रवारी पण मटण-चिकन टाळायची रीत आहे, त्याबद्दल तुमचे फादर काय सांगतात ते ऐका.

वय: मांस न खाण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्यांना. कमी खायचा नियम १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. म्हणजे साठीला टेकलेल्या आजी-आजोबांना, लहान लेकरांना उपासाचं बंधन नाही. आजारी माणूस, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांनाही नाही. शुगरवाल्यांनी तर उगाच हिरोगिरी करू नये, गोळी-इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलात नि मिस्सेत चक्कर येऊन पडलात तर त्याने कोणाचंच भलं होत नाही, दरवर्षी एखाद्याला बाहेर नेऊन साखरपाणी पाजावं लागते. आजी मात्र ऐकत नाहीत हा भाग वेगळा, ऐंशी वर्षांच्या आजी दिवसभर नुसत्या चहावर असतात अन आपण त्यांच्यासमोर नियम काय सांगायचे.

आणखी एक, कम्युनियन (मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद) घेणार असाल तर त्याआधी एक तास पोटात काही नको, पाणी नि औषध सोडून. हा नियम नेहमीचाच आहे, फक्त राखेच्या बुधवारचा नाही. संध्याकाळच्या मिस्सेला येणारे ऑफिसातून निघताना चहा-समोसा खातात नि मग आठवते.

चर्चमधे गेल्यावर

पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा. कपडे साधे, नीटनेटके, पांढराच किंवा काळाच पाहिजे असं काही नाही. मात्र फिकट रंगाचा भारी कुर्ता घालू नका, राख गळते. चप्पल काढायची की नाही ते दारात बघा, जिथे बाहेर चपलांचा ढीग दिसेल तिथे काढा, नसेल तर घालून जा. मोबाइल सायलेंटवर, व्हायब्रेटवर नाही, लाकडी बाकावर ठेवलेला व्हायब्रेट झालेला फोन अख्ख्या चर्चला ऐकू जातो.

नवीन असाल तर मागून चौथी-पाचवी रांग घ्या, एकदम शेवटची नाही. कारण समोर लोक दिसले पाहिजेत, ते उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं, गुडघे टेकले की तुम्हाला वाटलं तर टेकायचे नाहीतर शांत बसायचं. कोणी तुमच्याकडे बघत नसते, खरंच सांगतो.

आत गेल्यावर जरा उघडंबोडकं वाटेल. वेदीवर फुलं नसतात. फादरचा झगा जांभळा. गायन हळू आवाजात. ग्लोरिया हे स्तुतिगीत म्हणत नाहीत आणि आलेलुया हा आनंदाचा जयघोष तर थेट ईस्टरपर्यंत बंद. रोजच्या मिस्सेत सुरुवातीला जी पापकबुलीची प्रार्थना असते ती पण त्या दिवशी गाळतात, कारण पुढे राख लावणं हेच तिच्या जागी आहे. नेहमी जाणाऱ्यालाही हे पटकन लक्षात येत नाही अन तो सवयीने "मी कबूल करतो" सुरू करून बसते.

मग वाचनं. योएल संदेष्ट्याचं पहिलं, कपडे फाडू नका हृदय फाडा, असं. मग ५१ वं स्तोत्र, पौलाच्या पत्रातलं, आणि शुभवर्तमान मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. ते नीट ऐका. त्यात येशू म्हणते की दान करताना ढोल पिटू नका, प्रार्थना दार लावून करा, उपास असला की तोंड पाडून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळू पण देऊ नका. आणि हे ऐकून झाल्यावर दहाच मिनिटांनी आपण रांगेत उभे राहून कपाळावर सगळ्या गावाला दिसेल अशी राख लावून घेतो. याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

राखेची रांग

प्रवचन झालं की फादर राखेला आशीर्वाद देतात, पवित्र पाणी शिंपडतात. मग एक-एक बाकाची रांग पुढे निघते. दारापाशी किंवा मधल्या वाटेत आमच्यासारखा कोणीतरी उभा असते, त्याने हात दाखवला की उठायचं, आधी घुसायचं नाही.

कोण जाऊ शकते? सगळे. हे ठळक लक्षात ठेवा. राख हा कम्युनियनसारखा संस्कार नाही, त्यामुळे हिंदू असाल, बौद्ध असाल, मुसलमान असाल, अजून बाप्तिस्मा झाला नसेल, कॅथलिक असून वर्षानुवर्षं कन्फेशन (फादरपाशी पापांची कबुली) केलं नसेल, तरी राख घेता येते. कडेवरच्या बाळाला पण लावतात. फक्त मनापासून घ्या, सेल्फीसाठी नको. आणि घ्यायची नसेल तर बाकावर बसून राहा, कोणी विचारणार नाही.

पुढे गेल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण इथे लोक गडबडतात. केसांची बट कपाळावर येत असेल तर आधीच मागे घ्या, टोपी-ओढणी वर सरकवा, चष्मा असेल तर काढून हातात धरा (काचेवर राख पडली की पुसताना ओरखडे येतात). टिकली असेल तर राहू द्या, फादर वरच्या बाजूला लावतात. हात जोडलेले, मान थोडी वर. फादर अंगठा राखेत बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि दोनपैकी एक वाक्य म्हणतात, एक म्हणजे "पश्चात्ताप करा आणि शुभवर्तमानावर विश्वास ठेवा", दुसरं जुनं, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं, की माणसा तू माती आहेस नि मातीलाच जाऊन मिळशील. उत्तर काही द्यायचं नसते. "आमेन" म्हणालात तरी चालते, "थँक यू फादर" म्हणणारे पण असतात. मान लववायची नि बाजूच्या वाटेने परत यायचं, आलो त्याच वाटेने उलटं फिरायचं नाही, समोरासमोर धडका होतात.

क्रूस कसा येईल ते सांगता येत नाही. पहिल्या काही लोकांना ठसठशीत लागते, शेवटी शेवटी अंगठा घामाने ओला झालेला असते मग नुसता काळा ठिपका. कधी मोठी गर्दी असली की सिस्टर नि इतर लोक पण राख लावायला उभे राहतात, त्यांच्याकडून घेतली म्हणून कमी असं काही नसते. काही देशांत कपाळाऐवजी टाळूवर राख शिंपडतात, कोविडच्या वेळी २०२१ ला रोमहून तसंच सांगितलं होतं, फादरने वाक्य एकदाच सगळ्यांसाठी म्हणायचं नि मग मास्क लावून गुपचूप डोक्यावर राख टाकायची.

कोरडी राख असेल तर नाकावर, पापणीवर थोडी पडते. फुंकू नका, शेजारच्याच्या डोळ्यात जाते. रुमाल ठेवा जवळ.

सगळ्यांचं झालं की फादर हात धुतात, नुसत्या पाण्याने तो काळा अंगठा निघत नाही म्हणून ताटलीत लिंबाची फोड ठेवलेली असते बऱ्याच ठिकाणी.

यानंतर मिस्सा नेहमीसारखी पुढे जाते. थोड्या वेळाने पुन्हा रांग लागते, ती कम्युनियनची, आणि ती वेगळी आहे. ती फक्त तयारी असलेल्या कॅथलिकांसाठी. राखेच्या रांगेत गेलो म्हणून याही रांगेत जायचं असं नाही. बाकीच्यांनी बसून राहावं, बाकावरच्या लोकांना जायला पाय थोडे आवरून घ्यावे, झालं.

बाहेर पडल्यावर कपाळाचं काय

सकाळच्या मिस्सेहून थेट ऑफिसला जाणाऱ्यांचा हा मोठा प्रश्न. राख दिवसभर ठेवायलाच पाहिजे का? नाही. पुसली तर पाप लागते का? नाही. तसा काही नियमच नाही. मत्तयचं ते वाचन डोक्यात ठेवून काही जण बाहेर आल्या आल्या रुमालाने पुसतात, काही जण मुद्दाम ठेवतात की आपण कोण आहोत ते लपवायचं कशाला. दोन्ही बरोबर. मला विचाराल तर मी ठेवतो, कारण सिग्नलवर उभं असताना बाजूचा माणूस "भाऊ, कपाळाला काही लागलं आहे" म्हणून सांगते नि मग त्याला सांगावं लागते की ते मुद्दामच आहे, आणि असं सांगितल्यानंतर हिरवा लागल्यावर त्याला कट मारून पुढे जाता येत नाही हो. पण तुमचा साहेब कटकट्या असेल, काउंटरवरची नोकरी असेल, उगाच प्रश्न नको असतील, तर बिनधास्त पुसा. नोकरी टिकवणं पण प्रायश्चित्तच आहे राजेहो.

फोटो काढून स्टेटसला टाकायचा का, हे मात्र ते शुभवर्तमान पुन्हा एकदा वाचून ठरवा.

पुढचे चाळीस दिवस

राख लावली नि विसरून गेलो, असं बहुतेकांचं होते. तेव्हा त्याच रात्री, घरी आल्यावर, झोपायच्या आधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: काय सोडणार, काय प्रार्थना करणार, कोणाला काय देणार. तिन्ही लहान ठेवा. लोक जोशात येऊन मटण, चहा, खर्रा, मोबाइल, रील्स सगळं एका दमात सोडतात अन पहिल्या शुक्रवारपर्यंत सगळंच परत सुरू. त्यापेक्षा एकच धरा. खर्रा सोडलात चाळीस दिवस तरी डॉक्टर पण आशीर्वाद देईल.

आणि सोडलेल्या गोष्टीचे पैसे बाजूला काढा, हे मी फार आग्रहाने सांगतो. रोजचा बाहेरचा चहा सोडला तर तेवढे रुपये त्याच दिवशी डब्यात पडले पाहिजेत. नाहीतर उपास म्हणजे नुसती बचत होते, ईस्टरला नवीन बूट घ्यायला. चर्चमधे लेंटची पाकिटं नाहीतर डबे वाटतात, कारिटास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची पण दरवर्षी लेंटमधे मदतीची मोहीम असते, त्यात द्या, किंवा मेडिकलसमोर पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर बसलेले असतात त्यांच्यापैकी कोणाला डबा नेऊन द्या. कुठे दिलं ते सांगत फिरू नका एवढंच.

रविवारी सोडलेली गोष्ट घ्यायची का यावर घरोघरी वाद असतात. रविवार मोजत नाहीत म्हणून घेतली तर चूक नाही. पण ज्याला खर्रा सोडायचा आहे त्याने रविवारी घेऊ नये, सोमवारी परत सोडणं कोणाच्या बापाला जमत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट असते, चर्चच्या भिंतीवर चौदा चित्रं असतात ना त्या चौदा ठाण्यांपुढे थांबत थांबत प्रार्थना. नवीन माणसाला मिस्सेपेक्षा ही सोपी जाते कारण समोर चित्र असते, गोष्ट माहीत असते, आणि अर्ध्या-पाऊण तासात होते. उभं राहणं, गुडघे टेकणं फार असते, गुडघ्याचा त्रास असेल तर बाकावर बसूनच करा. चौथ्या रविवारी फादर गुलाबी झग्यात दिसले तर दचकू नका, तो अर्ध्या वाटेवरचा आनंदाचा रविवार, एवढी एकच सूट.

कन्फेशन करायचं असेल तर शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, एवढी रांग लागते की फादर पण थकलेले नि तुम्ही पण. फेब्रुवारी-मार्चच्या एखाद्या साध्या शनिवारी जा, कित्येक वर्षांनी जात असाल तर बसल्या बसल्या सरळ तेच सांगा, की फादर खूप वर्षं झाली नि कसं म्हणायचं ते विसरलो, ते स्वतःच हात धरून पुढे नेतात. बाप्तिस्मा नसेल तर कन्फेशन घेता येत नाही, पण बोलायचं असेल तर वेळ मागा, तसं बोलायला फादर नाही म्हणत नाहीत.

गुड फ्रायडेला पुन्हा हेच सगळे खाण्याचे नियम. त्या दिवशी मिस्सा नसते, दुपारी तीनच्या सुमारास मोठी प्रार्थना असते, आणि नागपूरचं मार्चअखेरचं नाहीतर एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. आत जागा नाही भेटली तर मांडवात बसावं लागते. तेव्हा दोन वाजताच पोचा, डोक्याला दुपट्टा बांधा, अन उपास असला तरी पाण्याची बाटली सोबत ठेवा, पाण्याने उपास मोडत नाही.